सासूबाईंची शिरगणती

"भूगोल हा माझा विषय आहे," असं मी एका सोमवारी संध्याकाळी चहा पिता पिता बोलून गेलो, आणि तिथून शनिवारी सकाळी अकरापर्यंत मला खुर्चीत सलग दहा मिनिटं बसता आलं नाही.

बोललो ते तसं खोटं नव्हतं. शाळेत मला भूगोलात शंभरपैकी बासष्ट होते, आणि नकाशातल्या नद्या मी अशा काही निळ्या रंगवायचो की मास्तर बाकाशी थांबून बघत. (मग त्या नद्या डोंगर चढताहेत हे ते वर्गाला दाखवत, पण रंगाबद्दल त्यांची तक्रार नसे.) हे सांगायची वेळ आली ती माझ्या सासूबाईंमुळे. त्यांचं वय सदुसष्ट, आणि त्या घरी अभ्यास करून शालान्त परीक्षा देत होत्या. बाकीचे विषय सुटले होते, भूगोल तेवढा उरला होता. या विषयाला लेखी परीक्षेआधी एक प्रकल्पवही द्यावी लागते : 'माझी वस्ती, तिची लोकसंख्या.' वही शनिवारी अकराच्या आत केंद्रावर पोचली नाही, तर लेखीला बसता येत नाही.

"मग पुढच्या वर्षी द्या की," मी म्हणालो.

"सदुसष्टाव्या वर्षी पुढचं वर्ष फारसं धरून चालू नये, जावईबापू," सासूबाई पेन्सिलीला टोक काढत म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. टोक मात्र तुटलं, आणि त्या पुन्हा काढायला लागल्या.

यावर कुठल्याही सभ्य माणसाने गप्प बसायचं, की मदतीला धावायचं? मी धावलो. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "तुम्ही मध्ये पडू नका हं. आईचं आई करेल." पण बायकोला माझे बासष्ट मार्क ठाऊक नव्हते. म्हणजे ठाऊक होते, पण त्यांची किंमत ठाऊक नव्हती.

सुरुवातच अडली. सासूबाईंना लोकसंख्या पटत होती, वस्ती पटत होती, पण भूपट्ट काही केल्या पटत नव्हते. "सगळी जमीन तुकड्यातुकड्यांची आहे, आणि ते तुकडे सरकतात? आपण वर उभे असताना?" त्यांनी पुस्तक माझ्यापुढे धरलं. "मग आपल्याला कळत कसं नाही?"

"फार हळू सरकतात. नखं वाढतात ना, तेवढ्या वेगाने."

त्यांनी आपली नखं बघितली. समाधान झालेलं दिसलं नाही. तेव्हा मी त्यांना जिन्यात नेलं. आमच्या बिल्डिंगला दोन विंगा आहेत, पुढची आणि मागची, आणि प्रत्येक मजल्यावर दोन्ही जिथे भेटतात तिथे भिंतीत वरपासून खालपर्यंत बोटभर फट आहे. ती का आहे हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. "ही बघा," मी म्हणालो. "पुढची विंग हा एक भूपट्ट, मागची विंग हा दुसरा. समजा, दोन्ही एकमेकींपासून दूर सरकताहेत..." मी 'समजा' म्हणालो होतो. हे पुढे मला चार मजल्यांवर प्रत्येक दारात वेगवेगळं सांगावं लागलं, आणि कुणीही ते ऐकून घेतलं नाही.

मंगळवारी मी ऑफिसात शिरगणतीचा फॉर्म तयार केला. मी आवक-जावक खात्यात आहे. आमच्या खात्यातून रिकामं पाकीटसुद्धा जावक क्रमांकाशिवाय बाहेर पडत नाही. त्यामुळे आठ रकाने, खाली टीप, वर ठळक अक्षरात 'अत्यंत तातडीचे' आणि उजव्या कोपऱ्यात जावक क्रमांक, असा तो फॉर्म माझ्या हातून आपसूकच झाला. घाई होतीच, शनिवार जवळ आला होता. पंचवीस प्रती काढल्या आणि संध्याकाळी सासूबाई वही घेऊन, मी फॉर्म घेऊन, असे आम्ही घराघरांत फिरलो.

लोकांनी उत्तरं दिली, पण वयाच्या रकान्यापाशी घराघरांत गडबड व्हायला लागली. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या शिवणवाल्या बाईंनी वय एकोणचाळीस सांगितलं आणि त्यांच्या मुलाने सव्वीस. समोरचे बँकवाले म्हणाले, "एकोणपन्नास लिहा." त्यांच्या निवृत्तीचा समारंभ दोनच वर्षांवर आला होता. उलट तळमजल्यावर राहणारे निवृत्त ओव्हरसियर सत्तरीच्या खाली काही ऐकेनात, कारण बिल्डिंगच्या सभेत त्यांना सगळ्यात ज्येष्ठ म्हणून आधी बोलायला मिळतं. बुधवारी सासूबाईंनी लोकसंख्येचा मनोरा काढला, पुरुष निळ्या रंगात, स्त्रिया हिरव्या रंगात, तर पन्नास ते साठ हा गट साफ रिकामा निघाला. मनोऱ्याला कंबरच नव्हती.

"या वयाची सगळी माणसं गेली कुठे?" सासूबाई म्हणाल्या. "साथबिथ आली होती का?"

"असतं असं," मी म्हणालो. मी स्वतः अठ्ठेचाळीस सांगितलं होतं. एके काळी ते खरं होतं.

एकूण माणसं भरली चौऱ्याण्णव. सासूबाईंनी आकडा लाल पेनाने लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या. झालं, असं मला वाटलं. गुरुवारी सकाळी मी दाढीचा फेस लावलेला असताना दार जोरात वाजलं.

दारात ओव्हरसियर उभे होते. या गृहस्थांनी अख्खी नोकरी रस्त्यांच्या खात्यात काढली, पण बांधकाम म्हटलं की ते स्वतःला शेवटचा शब्द समजतात. "बिल्डिंग सरकतेय," ते म्हणाले.

"कुठे?"

"कुठे काय, बाजूला! पट्टी फाटलीय. पहिल्या मजल्यावरची आणि चौथ्या मजल्यावरची. स्वतः बघून आलो."

मला पट्टीचं काही माहीत नव्हतं. मी तोंडाला फेस तसाच ठेवून जिन्यात गेलो. प्रत्येक मजल्यावर त्या फटीवर पातळ कागदाची एकेक पट्टी ताणून चिकटवलेली होती. पट्टीवर तारीख, वेळ आणि खाली सही. सही सासूबाईंची होती. दोन पट्ट्या बरोबर मधोमध टरकल्या होत्या.

"मी लावल्या," सासूबाई मागून म्हणाल्या. त्या वही घेऊनच आल्या होत्या. "तुम्ही म्हणालात ना, दोन भूपट्ट. म्हटलं, सरकतात का ते बघावं. आणि हो, सरकतात." त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला रागावताच येईना. एवढ्यात मला जिन्याच्या खालून आणि वरून कुजबुज ऐकू आली, आणि अंघोळीच्या आधीच माझी लाज निघाली हे मला कळलं.

आता लोकांच्या बाजूने विचार करा. मंगळवारी दारावर एक माणूस जावक क्रमांकाचा 'अत्यंत तातडीचा' कागद घेऊन येतो आणि घरात माणसं किती ते विचारतो. गुरुवारी भिंतींवर सही-तारखेच्या पट्ट्या दिसतात आणि त्या फाटलेल्या असतात. यातून कुणी भूगोलाचा प्रकल्प असा अर्थ काढील का? दहा वाजेपर्यंत बिल्डिंग धोकादायक ठरली होती. साडेदहाला ती रिकामी करायची तारीख ठरली होती. अकराला सगळ्यांना दुसरीकडे जागा मिळणार असं ठरलं, आणि जितकी माणसं तितक्या मोठ्या खोल्या, हे ओव्हरसियरांनी स्वतःच्या अनुभवावरून जाहीर करून टाकलं. रस्त्यांच्या खात्यात त्यांना हा अनुभव कुठे आला, देव जाणे.

मी उशिराने ऑफिसला जायला निघालो तर जिन्यात रांग. शिवणवाल्या बाईंनी माझा हात धरला. "भाऊ, माझी मोठी जाऊ लिहायची राहिली. आणि तिची दोन मुलं. आणि जावेचे वडील."

"ते कुठे आहेत?"

"येतायत ना! दुपारच्या गाडीने."

बँकवाल्यांनी दोन भाचे वाढवले. एका घराने तर लग्न होऊन गेलेली मुलगी, तिचा नवरा आणि नवऱ्याचा मित्र असे तिघे घातले. सासूबाई सगळ्यांचं शांतपणे लिहून घेत होत्या. मी खुणा करून थकलो. "मी तुमच्याकडे बघितलं," त्या नंतर म्हणाल्या, "पण पुस्तकात लिहिलंय, माहिती देणारा सांगेल तेच लिहावं." दुपारी लोकसंख्या एकशे एकतीस झाली होती. अर्ध्या दिवसात चाळीस टक्के वाढ. घनतेचा हिशोब करायला त्यांनी जिन्यातल्या फरशा मोजायला घेतल्या.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी संध्याकाळी माझ्याकडे आले. हा माणूस पूर्वी शाळेत हेडक्लार्क होता. बोलतो हळू, पण समोरच्याला मात्र तो आपल्याला ओरडतोय असंच वाटतं. "तुम्ही कुठल्या खात्यातर्फे पाहणी करताय?" त्यांनी फॉर्म पुढे धरला. "हा जावक क्रमांक मी तुमच्या ऑफिसात विचारला. त्यांच्याकडे त्याच क्रमांकावर तुमचा रजेचा अर्ज आहे."

मी समजावायला लागलो. भूपट्ट, खंड, नखं. मी 'समजा' म्हणालो होतो, हेही सांगितलं. ते ऐकत होते आणि मान हलवत नव्हते. "उद्या इंजिनिअर येईल," ते म्हणाले, "आणि उद्या मी रजिस्टर घेऊन बसणार. रजिस्टरबाहेरचं एक माणूस सापडलं तर बघून घेईन." हे वाक्य त्यांनी जिना उतरताना म्हटलं आणि प्रत्येक मजल्यावर पुन्हा म्हटलं.

परिणाम असा की शुक्रवारी सकाळी बिल्डिंगमध्ये माणसंच दिसेनात. जावेचे वडील बॅगा घेऊन पहिल्या गाडीने परत गेले. पोटभाडेकरू ठेवलेल्या दोन घरांनी त्यांना फिरायला पाठवलं. खऱ्या घरचीच काही माणसं घाबरून बहिणीकडे गेली. सासूबाई पुन्हा दारोदार गेल्या, आणि शुक्रवारी अकरा वाजता आकडा होता एकोणऐंशी. "दोन दिवसांत केवढं स्थलांतर," त्या दमून पायरीवर बसल्या. "जावईबापू, खरा आकडा कुठला लिहू? परीक्षक विचारतील ना." मी येरझाऱ्या घालत होतो. मला उत्तर सुचेना, म्हणून मी आणखी जोरात येरझाऱ्या घातल्या. अर्ध्या दिवसाची रजा मी आधीच घेतली होती, ती तशीच जिन्यात संपत चालली होती.

इंजिनिअर दुपारी दीड वाजता आला. तरुण, कानामागे पेन अडकवलेला. त्याने फट बघितली, पट्ट्या बघितल्या, खाली गेला, वर आला. चार मजल्यांची माणसं श्वास रोखून त्याच्यामागे चालत होती.

"ही फट मुद्दाम सोडलेली आहे," तो म्हणाला. "उन्हाने भिंती फुगतात, गार पडल्या की आकसतात. मध्ये सांधा मोकळा ठेवला नाही तर त्या तडकतील. बिल्डिंगला काहीही झालेलं नाही." मग त्याने पहिल्या मजल्यावरची पट्टी जवळून बघितली. "या कुणी लावल्या?"

मी एक पाऊल मागे सरकलो. सासूबाई पुढे झाल्या. "मी."

"फार नीट लावल्यात. आम्हीही असंच करतो. तारखा टाकल्यात हे चांगलं केलंत."

सासूबाई लाजल्या. त्यांना गेल्या चार दिवसांत कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. माझ्याकडे इंजिनिअरने बघितलंही नाही. कल्पना मुळात माझी होती हे सांगावंसं वाटत होतं, पण त्या क्षणी ती माझी नसलेलीच बरी, असा विचार करून मी फटीकडे बघत राहिलो.

लोक आता चिडले. बिल्डिंग पडणार नाही याचा एवढा राग मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. शिवणवाल्या बाईंना जावेची समजूत काढायची होती. ओव्हरसियर म्हणत होते की हा इंजिनिअर फारच पोरसवदा आहे. तेवढ्या गलक्यात सासूबाईंनी वही उघडली आणि सेक्रेटरींपुढे धरली. शेवटच्या पानावर एक छापील दाखला होता : अभ्यासलेली वस्ती ही विद्यार्थ्याच्या स्वतःच्या राहण्याची वस्ती आहे. खाली वस्तीच्या जबाबदार माणसाची सही आणि शिक्का. सहीशिवाय वही घेतली जात नाही.

सेक्रेटरींनी चष्मा लावला, रजिस्टर उघडलं, आमचा फ्लॅट काढला आणि बोट फिरवलं. मग पुन्हा फिरवलं.

"सही नाही करता येणार," ते म्हणाले.

"का?" मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. चार दिवसांचा सगळा वैताग एकदम वर आला. "का नाही करता येणार? एवढं सगळं त्यांनी मोजलं, पायऱ्या झिजवल्या..."

"कारण या इथे राहत नाहीत." त्यांनी रजिस्टर माझ्याकडे वळवलं. "तुमच्या घरी माणसं तीन. तुम्ही, तुमच्या मिसेस, मुलगी. अक्षर तुमचंच आहे ना?"

अक्षर माझंच होतं. सुबक आहे माझं अक्षर. मी घाईघाईने सासूबाईंच्या वहीत आमचं घर शोधलं. तिथेही तीनच होते. "अहो, हे तुम्ही स्वतःच लिहिलंत? तुम्ही स्वतःला मोजलंच नाही?"

"मंगळवारी तुम्ही बूट घालत होतात," सासूबाई म्हणाल्या. "मी विचारलं, आपल्या घरात किती? तुम्ही म्हणालात, तीन." त्यांनी वही मिटली. "माहिती देणारा सांगेल तेच लिहायचं असतं."

मला खरोखरच शरम वाटली. आठ रकान्यांचा फॉर्म काढणारा मी, शेजाऱ्यांच्या जावेच्या वडिलांवरून हसणारा मी. साऱ्या बिल्डिंगने चार दिवस माणसं चढवली आणि उतरवली, पण घरातलं जेवणारं-झोपणारं माणूस धडधडीत गाळलं ते मी एकट्यानेच. तेही रागाने नाही, ठरवूनही नाही. बूट घालता घालता.

"सहा वर्षं मी यांना इथे बघतोय. कळवलं का नाही?" सेक्रेटरींनी विचारलं.

विसरलो, असं म्हणता आलं असतं. ऑफिसात आम्ही रोज तेच म्हणतो. पण बायको वरच्या पायरीवर उभी होती आणि तिने माझ्यावरची नजर हलवली नव्हती. "मला वाटलं होतं," मी म्हणालो, "आई पंधरा दिवसांसाठी आल्यात."

सेक्रेटरींनी चष्मा काढला.

"मलाही तसंच वाटलं होतं," सासूबाई म्हणाल्या.

मग मी फॉर्म मागितला. नवीन रहिवाशाची नोंद करायचा सोसायटीचा फॉर्म असतो, तो मला त्या दिवशी कळला. त्यावर घरमालकाची सही, दोन सभासदांची सही आणि सेक्रेटरींचा शिक्का लागतो, आणि शिक्का सेक्रेटरींच्या घरी कपाटात असतो, आणि कपाटाची किल्ली त्यांच्या मिसेसकडे असते, आणि मिसेस दुकानात गेलेल्या असतात. मी दुकानात धावलो. किल्ली घेऊन परत धावलो. परत येतो तो फॉर्मवर दोनऐवजी अकरा सह्या झालेल्या. सगळ्यात वर शिवणवाल्या बाईंची होती. 'कधीपर्यंत राहणार' या रकान्यापाशी मी पेन टेकवून थांबलो. तिथे मला काहीतरी चांगलं लिहायचं होतं आणि सुचत नव्हतं. बायकोने पेन घेतलं आणि रकान्यावर आडवी रेघ मारून टाकली. सेक्रेटरींनी शिक्का इतका जोरात मारला की टेबलावरचा चहा सांडला.

संध्याकाळी माणसं आपापल्या घरी परतली होती. सासूबाई शेवटच्या फेरीला गेल्या आणि या वेळी लोकांनी खरे आकडे दिले. वयं मात्र पुन्हा पहिलीच.

शनिवारी दहा चाळीसला आम्ही केंद्रावर पोचलो. सासूबाई आत गेल्या, मी दाराशी उभा राहिलो. परीक्षक बाई तरुण होत्या. त्या वही उलटत होत्या आणि मनोऱ्याच्या नसलेल्या कंबरेपाशी बराच वेळ थांबल्या. तिथे त्यांना हसू आलं. मग त्या पुढच्या पानावर गेल्या आणि त्यांनी कपाळाला आठी घातली.

"बुधवारी चौऱ्याण्णव, गुरुवारी एकशे एकतीस, शुक्रवारी सकाळी एकोणऐंशी. हे गुरुवार-शुक्रवारचं मी समजू शकते, कारण तुम्ही खाली लिहिलंय. पण शेवटी पंचाण्णव. बुधवारपेक्षा एक जास्त. या चार दिवसांत कुणाकडे बाळ झालं का?"

"नाही," सासूबाई म्हणाल्या.

"मग कुणी बाहेरून राहायला आलं?"

सासूबाईंनी दाराकडे बघितलं. मी तिथेच होतो. दुसरीकडे जायला जागाही नव्हती.

"राहायला सहा वर्षांपूर्वीच आलं होतं," त्या म्हणाल्या. "मोजलं काल."

परीक्षक बाईंनी आकड्यापुढे बरोबरची खूण केली आणि पान उलटलं. मी दारातल्या बाकावर बसलो, आणि सोमवारनंतर पहिल्यांदाच मला उठावंसं वाटेना.